कॉलरचा कागद

तडजोडीच्या कागदावर 'चूक कुणाचीच नाही' असं लिहिलं होतं. मेसेज लिहिण्याच्या नादात तिला उडवणारा गाडीवाला फोनसकट हात जोडून तिच्या शिलाईच्या दुकानात उभा होता. "ताई, सही करा, विषय मिटवा. कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवता?" मशीन चालवणारा तिचा पाय अजून प्लास्टरमध्येच होता. वकीलबाईंनी बजावलं होतं: सही केली की दावा संपला, नाही केली तर कोर्ट फोनचा रेकॉर्ड मागवेल. "काय लिहीत होतात हो तेव्हा?" तिनं विचारलं. तो चाचरला. "नुसतं... 'हो' म्हणून." "मग माझंही एकाच शब्दात ऐका. नाही." तिनं कात्री उचलली आणि त्याच कागदातून कॉलरचा नमुना कचाकच कापला. कुबडी सावरत उठली, गळ्यातली टेप ओढली. "सरळ उभे राहा, माप घेते. कोर्टात शर्ट धड हवा. फोन आधी खाली ठेवा."