न धुतलेला हात

कल्पना करा, तुम्ही पंगतीत बसला आहात. समोरच्या ताटात नव्या तांदळाचा भात वाफाळतोय, त्यावर वरणाची धार, शेजारी वांग्याचं कालवण. वासानं तोंडाला पाणी सुटलंय. आणि चार-पाच घास गेले नाहीत तोच पोट म्हणतं, बास, आता जागा नाही. उत्रोलीच्या गेनबांचं त्या दुपारी तसंच झालं होतं.

पंगत इरजिकीची होती. गेनबा पुण्याला दवाखान्यात असताना त्यांचं भात शेजाऱ्यांनी कापलं, आणि आज झोडलंही त्यांनीच. इरजिकीला मजुरी नसते. घरधन्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं आणि स्वतः पंगतीच्या तोंडाशी बसायचं, एवढीच रीत. त्यानं हात धुतला की पंगत उठली. मग कुणाच्या ताटात काहीही असो, पुढचा घास कुणी घेत नाही.

"दादा, खा की रं!" कामथडीहून आलेली त्यांची धाकटी बहीण साळूबाई भाताचं पातेलं घेऊन पुढ्यात उभी राहिली. "पैलवान व्हतास, आन आता चिमणीवानी टिपतोस. आमच्या शेजारच्या अमृतला नुसत्या अपेंडिक्सला वीतभर टाके पडले व्हते. तुजा म्हनं कॅन्सर काढला, आन अंगावर बगावं तर चार भोकं! येवढ्याशा भोकातनं काय निगतंय?"

पंगत हसली. गेनबाही हसले.

"दुर्बीण घालून काढलाय, बाये. भोकं बारकी, पर आत लई कापलंय."

खरंच होतं ते. बरगड्यांमध्ये आणि पोटावर बोटाच्या पेराएवढ्या खुणा, मानेवर एक लहानसा टाका. त्यामुळेच गेनबा लवकर उठून चालू लागले. आत मात्र डॉक्टरांनी गाठीसकट अन्ननलिका काढली होती, आणि पोटाच्या पिशवीची नळी करून ती वर मानेपर्यंत ओढून जोडली होती. "गाठ पुरती निघालीय, आबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण पिशवी आता राहिली नाही. थोडं थोडं खायचं, सावकाश खायचं. एकदम पोटभर जेवायचे दिवस गेले."

मागं एकदा कुणाच्या तरी आग्रहाखातर त्यांनी जास्त खाल्लं होतं. दरदरून घाम फुटला, काळीज धडधडलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. मुलगा मानसिंग घाबरून गाडी काढायला धावला होता. तेव्हापासून गेनबा चुलीपाशी बसून वाटीत जेवत. सोबतीला नात प्रेरणा. एक घास, मग गप्पा, मग दुसरा घास. वाटीभर भाताला अर्धी दुपार लागायची.

पण इरजिकीच्या पंगतीला चुलीपाशी बसून कसं भागेल?

गेनबांचा हात थांबलेला पंगतीला दिसला. तसे एकेकाचे हात मंदावले. गोरखनं नुकताच भात कालवला होता. म्हातारा भिमा पहाटेपासून झोडून थकला होता. त्याच्या ताटात तर अजून दुसऱ्यांदा भात पडायचा होता. त्यानं गेनबांकडं पाहिलं आणि भाकरीचा तुकडा हातातच धरला.

गेनबांनी आणखी एक घास घेतला. तो छातीत दगडासारखा बसला. कपाळावर घाम आला.

मानसिंग वाकून हळूच म्हणाला, "आबा, उठा तुमी. लोक समजून घेत्याल."

"लोक समजून घेत्याल रं," गेनबा म्हणाले, "पर त्यांची पोटं?"

त्यांनी पुढचा घास उचलला. तोंडाशी नेला. आणि पुन्हा ताटात ठेवला. मग पंगतीकडं न बघता त्यांनी तांब्याकडं हात नेला.

सगळ्या पंगतीचे हात थांबले.

प्रेरणा मीठ वाढत होती. तिनं मिठाची वाटी मधेच खाली ठेवली, धावत आली आणि आजोबांच्या हाताखालून तांब्या उचलला.

"आबा, तुमी हात धुतल्याबिगर पंगत उठत न्हाई ना?"

"न्हाई बाळा."

"मग धुता कशाला? खाऊ नका. नुसतं बसा."

भिमा खो खो हसायला लागला.

"पोरीनं इलाज काडला बगा! गेनबा, बसा आता हात वाळवत. साळूबाई, ते पातेलं त्यांच्या म्होरं काय धरलंय? हिकडं आना की!"

"खादाड मेला," साळूबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाताचा डोंगर केला.

पातेलं फिरलं. कालवण फिरलं. मळणीच्या, वाऱ्याच्या, गोरखच्या बुजऱ्या बैलाच्या गोष्टी निघाल्या. गेनबा भिंतीला टेकून ऐकत होते. छातीतला दगड हळूहळू विरघळला. बोटांवरचं वरण वाळलं. मधेच कधीतरी, बोलता बोलता, त्यांनी थोडासा भात तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिले. साळूबाईनं ते पाहिलं. पातेलं घेऊन ती पुढं झाली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तशीच माघारी वळली.

शेवटी गोरखनं ढेकर दिली. भिमानं ताट निपटलं.

"दे बाळा आता तांब्या," गेनबा म्हणाले.

प्रेरणानं पंगतीवरून नजर फिरवली. सगळ्यांची ताटं रिकामी होती. आबांच्या ताटात अजून मूठभर भात उरला होता.

तिनं तांब्या दिला नाही. तो दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून ती आजोबांच्या शेजारी बसली, साळूबाईनं वाढलेलं आपलं ताट पुढ्यात ओढलं, आणि अगदी सावकाश पहिला घास घेतला.