तळणीवरची बाई

कंपनीची माणसं शेडच्या दारात आली तेव्हा ती रताळ्याच्या कापांचा घाणा काढत होती. दोघं होती. एक तपासणीला आलेली तरुण मॅडम, दुसरा वकील. मागून दीर आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

"बाई, मॅडमना तळणीचं सगळं दाखवा."

कोणाला म्हणतोय म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. सकाळी चहा घेताना हाच म्हणाला होता, "वहिनी, आज काही हातचं राखू नका. तुम्ही सांगितलंत तरच धंदा विकायचा सौदा जमेल."

मॅडमनं मूठभर काप घेतले, एक तोंडात टाकला, मग दुसरा. बघता बघता मूठ रिकामी झाली. "एकही करपत नाही. काढायची वेळ कळते कशी?"

"आवाजावरून. चुरचुर थांबत आली की लगेच. क्षणभर उशीर झाला तरी कडवटपणा येतो."

रताळी खणल्यावर पंधरा दिवस सावलीत पसरायची, काप गार पाण्यातून तीनदा काढायचे, मीठ गरम असतानाच लावायचं. नवरा गेल्यावर सात वर्षं हात भाजून घेत जे कळलं, ते तिनं सगळं सांगितलं. मॅडमनं लिहून घेतलं. अर्धं पानही भरलं नाही.

"धंद्यात घरातलं आणखी कोणी?" वकिलानं विचारलं.

"छे. सगळं मीच उभं केलं," दीर म्हणाला. "या बाई कामाला. जुन्या आहेत, विश्वासातल्या."

शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण ती आणि तिची मुलगी राहत होत्या ती खोली दिराच्याच घरातली होती. तिनं गॅस बारीक केला.

वकिलानं कागद पुढं केले. "इथं सही करा. हे काप यापुढं तुम्ही बनवून विकायचे नाहीत, कुणाला शिकवायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत."

फडक्याला हात पुसून तिनं सही केली. पेन परत देताना थांबली.

"घरी मुलीला करून दिले तर?"

दीर मोठ्यानं हसला. वकील हसला नाही. त्यानं मागची दोन पानं उलटली, ओळींवरून बोट फिरवत नीट वाचली.

"घरी चालतील," तो म्हणाला. "शाळेच्या डब्यात देऊ नका."