माकडाची शेपटी

मुकुट, सोंड, पितांबर सगळं रंगवून झालं होतं. गणपतींचे डोळे तेवढे कोरे होते. गिऱ्हाईकं दारात आलेली, आणि माझे सासरे कोपऱ्यात मातीचं माकड करत बसले होते.

“अण्णा, डोळ्यांची आखणी कधी करणार?” मी विचारलं. लोक आमच्याकडे यायचे ते अण्णांनी काढलेल्या डोळ्यांसाठी. गावात त्यांना म्हणायचेच ‘डोळेवाले अण्णा’.

“डोळे तू काढ. तुझा हात बसलाय आता.” त्यांनी कुंचला माझ्या हातात कोंबला. “मला माकड करायचंय.”

मी माकडाकडे पाहिलं. ज्यांची रेघ कधी केसभर चुकली नाही, त्यांचं माकड पार वाकडं झालं होतं. तेवढ्यात शेपटी गळून पडली. आता चिडतील म्हणून मी चटकन ती उचलायला वाकले.

अण्णा खो खो हसले. लग्न होऊन आल्यापासून तो आवाज मी घरात ऐकलाच नव्हता.