मागणाऱ्यांचा हातोडा

उसनी आणलेली वस्तू मोडणे हा प्रमाद आहे. ती सांधून, पुसून, काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने परत करणे हा अपराध आहे. प्रमाद क्षणाचा असतो. अपराध दिवसेंदिवस सांभाळावा लागतो, आणि ग्रंथपाल तो नऊ दिवस सांभाळत होता.

हातोडा त्याने शेजारच्या फिटरकाकांकडून आणला होता. काका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी सुईपासून पहारीपर्यंत सारे असे: पाने, पकडी, कानशी, करवत, नळाचे वायसर, फ्यूजची तार. इमारतीत कोणाचे काही अडले की पाय आपोआप त्यांच्या दाराकडे वळत. दाराजवळच्या खुंटीवर एक हातोडा सदैव टांगलेला असे. मागणाऱ्याने त्या घरात ‘नाही’ हा शब्द कधी ऐकला नव्हता.

“पुस्तकराव, धरायचा कुठून ते ठाऊक आहे ना?” एवढेच काकांनी विचारले होते.

धरायचा कुठून ते ठाऊक होते. घाव किती घालायचा ते नव्हते. घरी पुस्तकांसाठी फळी लावताना तिसरा खिळा भिंतीत शिरेना. ग्रंथपाल इरेस पेटला, आणि दांडा मानेपाशी तडकला. नवा दांडा बसवून आणणे अर्ध्या तासाचे काम होते; पण त्यासाठी आधी तोंडाने ‘मोडला’ म्हणावे लागले असते. त्याने फटीत डिंक भरला, सुतळीने दांडा आवळून ठेवला, वाळल्यावर ती रेघ चहाच्या चोथ्याने रंगवली, वर तेलाचा हात फिरवला आणि हातोडा खुंटीला अडकवून आला. काकांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही.

दोनच दिवसांनी कळले, काकूंच्या कपाळाला चार टाके पडले. काका बाजारात गेले असताना त्या आरसा लावायला खिळा ठोकत होत्या. हातोड्याचे डोके निसटून उडाले. डोळा बोटभर अंतराने वाचला.

ग्रंथपाल भेटायला गेला नाही. जिन्यात काकांचा खोकला ऐकू आला की तो दाराआड श्वास रोखून उभा राही. एकदा समोरासमोर गाठ पडलीच, तेव्हा काकाच मान खाली घालून निघून गेले. त्याला वाटले, सगळे ओळखूनही हा माणूस एका शब्दाने बोलत नाही. त्या मोठेपणाने तो अधिकच खचला.

नवव्या दिवशी काकूंनीच त्याला जिन्यात गाठले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. खुर्च्यांना वेत विणून देण्यात त्यांची हयात गेली होती. आरी, सुरी, वेताची गुंडाळी, सारे त्या पिशवीत होते.

“हे घेऊन जा रे. वाचनालयात कोणी शिकणारं भेटलं तर दे.”

“आणि तुम्ही?”

“माझे हात गेले. घाव वाकडा बसला, म्हणूनच ते डोकं उडालं. धरलेला हातोडा ज्यांना आवरला नाही, त्यांना वेत काय आवरणार? लेकानं फोनवरून बजावलंय, आई, आता कशाला हात लावायचा नाही.”

“काका काय म्हणाले?”

“ते काय म्हणणार! तोंडात मिठाची गुळणी. म्हातारी झालीस, हे बायकोला तोंडावर सांगायची छाती लागते.” त्या हसल्या, पण पिशवी देताना बोटांनी तिचा बंद लवकर सोडला नाही.

ग्रंथपालाने पिशवी घेतली, आणि आपल्या घराकडे न वळता तो त्यांच्यामागून त्यांच्या घरात शिरला. काका खिडकीशी बसले होते. न ठोकलेल्या खिळ्याची खूण भिंतीवर पेन्सिलीने तशीच होती. आरसा खाली, भिंतीला टेकलेला.

“काकू, तुमचे हात शाबूत आहेत,” तो म्हणाला. “दांडा मी मोडला होता. चिकटवला, रंगवला, आणि गप्प बसलो.”

आता काकांचा आवाज चढेल म्हणून त्याने खांदे आखडले. काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“तू कसला मोडतोस! तीन वर्षांपूर्वीच मोडलाय तो, माझ्या हातून. डिंक लावून खुंटीला टांगला. तो मागणाऱ्यांचा. माझा वेगळा आहे, पेटीत, कुलपात.”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. “आणि हे इतके दिवस? मी हात गेले म्हणत होते, ते ऐकत होतात ना तुम्ही?”

“ऐकत होतो,” काका म्हणाले. “जीभ उचलली नाही गं.”

ज्याच्या मोठेपणाने ग्रंथपाल इतके दिवस खचत होता, तो त्याच्यासमोरच, त्याच्याइतकीच मान खाली घालून बसला होता.

काकूंनी बराच वेळ आपले तळवे निरखले, जणू परगावी गेलेले कोणी परतले होते. मग त्यांनी हात पुढे केला. “किल्ली.”

काकांनी ती मुकाट्याने दिली. काकूंनी पेटी उघडून फडक्यातला हातोडा काढला, हातात तोलून पाहिला, एक खिळा उचलला आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“हं,” त्या म्हणाल्या, “आता तुम्हां दोघांपैकी खिळा कोण धरतंय?”

दोन्ही पुरुषांचे हात एकदमच पुढे आले. त्या माउलीच्या मनगटातले बळ उदंड राहो, आणि त्या दोघांची बोटेही देव सुखरूप ठेवो.