तात्यांचा तिसरा ठोका

रविवारी प्रबुद्धच्या वडिलांचं, तात्यांचं, पुण्यानुमोदन होतं. वारण्याआधी त्यांनी इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवलेली ढोलकी प्रबुद्धला त्या दिवशी सगळ्यांना ऐकवायची होती, म्हणून भर दुपारी दिंडोशीच्या घरात तो कॉम्प्युटरवर एकेक ठोका तपासत बसला होता. पडद्यावर प्रत्येक ठोक्याचा एक छोटा चौकोन दिसत होता.

कारखान्यात बोट गेल्यापासून तात्यांचा तिसरा ठोका जरा उशिराच पडायचा. साथीला पेटी वाजवणारा प्रबुद्ध पुढे पळाला की ते हसून म्हणायचे, "दमानं, बाळा. येतोय ना मी."

प्रबुद्धने ते उशिराचे चौकोन ओढून तालाच्या रेघेवर आणले, सेव्ह केले. पुन्हा उघडून बघतो तर सगळे आपल्या जुन्या जागी. असं तीनदा झालं.

"राहू दे ना रे," चहा हातात देत त्याची बायको शीतल म्हणाली. "तात्यांचा हात तसाच होता."

"बरं," म्हणून त्याने माउस बाजूला सारला.

ढोलकीच्या खालच्या ओळीत त्याच्या स्वतःच्या पेटीचे सूर होते, अगदी रेघेवर बसवलेले. त्यांतला प्रत्येक तिसरा सूर आता हळूच उजवीकडे सरकत होता आणि तात्यांच्या ठोक्यापाशी जाऊन थांबत होता.

प्रबुद्धचे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते.