माणूस नसलेला फोटो

उद्या एकट्यानं सिद्धेश्वर धरणावर जाऊन येतो, एवढंच प्रमोद म्हणाला आणि तिथंच त्याचं चुकलं. न सांगता गेला असता तर संध्याकाळी चार शब्द ऐकून सुटला असता. पण तो पडला सरळ माणूस. गावाकडं, हट्ट्याच्या घरात जेवणं आटोपून सगळे ओसरीवर टेकले, तसा त्यानं रीतसर बेत सांगितला. पहाटे मोटरसायकल काढायची, पाण्यावरचं धुकं विरायच्या आत धरण गाठायचं, फोटो काढायचे, दुपारी एखाद्या झाडाखाली पडून राहायचं, उन्हं कलली की पुन्हा काढायचे आणि दिवेलागणीला घरी.

दिवाळीच्या सुट्टीतला हा एकच दिवस त्याला स्वतःसाठी हवा होता. पुण्याच्या कंपनीत वर्षभर तो दुसऱ्यांच्या सांगण्यावर चालायचा. गळ्यात कॅमेरा असला म्हणजे मात्र त्याला कुणी काही सांगत नसे.

धाकटी बहीण राणी वसमतहून माहेरपणाला आली होती. धरण म्हटल्याबरोबर तिला मासे दिसायला लागले. मग जीपच सांगू, तिथंच चूल मांडू, लेकरंही पाण्यात पाय बुडवतील, असं तिनं ठरवूनही टाकलं. प्रमोदची बायको सपना म्हणाली, सुट्टी काय एकट्याचीच आहे का. शेजारची भागूबाई तेवढ्यात भिंतीवरून डोकावली. वाटेत शिरडला तिच्या लेकीकडं हळदीचं गाठोडं द्यायचं होतं. बघता बघता मोटरसायकलची जीप झाली आणि बेताचं गावजेवण.

प्रमोदनं समजावून पाहिलं. त्याला देखाव्याचे फोटो काढायचे होते, आणि त्यात माणूस आला की फोटो बिघडतो. हे त्यानं बोलायला नको होतं.

"माणूसच न्हाई, तर मंग काढायचा काहून?" राणी म्हणाली. "रिकामं रान हितंबी हाय की."

सपना हसली. पुण्याच्या घरात भिंतीवर नुसते डोंगरच आहेत, लेकरांचा एक फोटो नाही, असं तिनं सांगून टाकलं. ती हसत बोलली खरी, पण ते सगळंच काही हसण्यावारी नव्हतं.

प्रमोदचं तोंड उतरलं. त्यानं कॅमेऱ्याची बॅग पायानं मागं सारली. चला, सांगा जीप, असं तो म्हणणारच होता.

त्याची आई, मालनबाई, दाराशी ज्वारी निवडत बसली होती. इतका वेळ ती एक अक्षर बोलली नव्हती. तिनं सूप खाली ठेवलं.

"येकट्याला जाऊ द्या त्याला. मासे परवा खाऊ."

लेकरं आल्यापासून सगळ्यांनी मिळून कुठं तरी जाऊ, असा धोशा तिनंच लावला होता. राणीनं तसं म्हणूनही पाहिलं, पण मालनबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. प्रमोदच्या फोटोत खरंच एकही माणूस नसतो का, एवढंच तिनं पुन्हा विचारून घेतलं. एकही नसतो, तो म्हणाला. नुसतं पाणी, डोंगर, आभाळ.

ती उठली, लुगड्याला हात पुसले आणि आतल्या भिंतीवरचा आपल्या नवऱ्याचा, मुंजाजींचा, फोटो काढून आणला. मुंजाजींना जाऊन दोन पावसाळे झाले होते. त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. राणीच्या लग्नातल्या घोळक्यातून वसमतच्या फोटोवाल्यानं त्यांना तेवढं वेगळं काढलं, अंगात कोट चढवला आणि मागं दुकानातला एक तयार देखावा लावून दिला. पांढरेशुभ्र बर्फाचे डोंगर, सुयांसारखी झाडं आणि लाल छपराचं एक घर.

मुंजाजी जन्मभर सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाटकरी होते. खांद्यावर फावडं टाकून पाळीपाळीनं लोकांच्या रानात पाणी सोडायचे. बर्फ त्यांनी पाहिला असेल तो रसवंतीवर.

या फोटोपुढं प्रमोद येता-जाता हात जोडायचा. कुठल्या डोंगरावर ऊन कधी येतं ते बघत तासन्‌तास उभा राहणारा माणूस तो, पण बापाच्या मागं काय आहे ते त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"दोन वर्सं झाली त्यायला तिथं बसवून," मालनबाई म्हणाली. "न्हाई वळखीचं रान, न्हाई वळखीचं पानी. हिवाळा लागला की मला नीज येत न्हाई."

फोटोवाल्याला ती विचारूनही आली होती. मागचं बदलता येतं, तो म्हणाला होता, पण चांगला मोठा फोटो आणा आणि त्यात कुणी उभं नको. असा फोटो आणायचा कुठून, हे तिला उमगलं नव्हतं. गावातला जो तो मोबाईल काढून आधी स्वतःच पुढं उभा राहायचा.

राणीनं बॅग ओढून घेतली, तिच्यावरची धूळ पदरानं झटकली आणि भावाच्या पुढ्यात ठेवली.

कुठून काढू, प्रमोदनं आईला विचारलं.

"कालवा निगतो ना, तिथून. सकाळचा," मालनबाई म्हणाली. फोटोच्या काचेवरून तिनं बोट फिरवलं. "कोट राहू दे. कोटात बरे दिसून राहिले."

तो फोटो पुन्हा भिंतीवर लावायला ती आत निघाली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अन् मधी जागा जरा ऐसपैस सोड, बाबा. त्यायला अवघडून बसायची सवय न्हाई."