नातीच्या बाजूचं बाकडं

"डबा आत नेता येत नाही, आजी," गेटवरचा शिपाई म्हणाला.

"मंग तू राख. संत्रा बर्फी हाय. एक वडी कमी झाली तं तुह्या साहेबाले सांगीन."

डबा त्याच्या हातात कोंबून वच्छलाबाई हायकोर्टाच्या पायऱ्या चढू लागल्या. गुडघे कुरकुरत होते, पण आज थांबायचं नाव नव्हतं. मागून मुलगा मधुकरराव तोंड पाडून येत होता.

"हळू वं माय."

"तू ये हळू. मले घाई हाय."

घुमटाखाली त्या थबकल्या. इंग्रजांच्या काळातला पिवळा दगड, भर उन्हातही गार. एवढी मोठी इमारत, आणि पोरगी आज इथं बोलणार! शेजारच्या पोलीसबाईला त्यांनी न विचारताच सांगून टाकलं, "माही नात वकील हाय, मिनल. आज पह्यल्यांदाच उभी राहून राहिली."

"कोणाची केस?"

"तिच्या मायचीच. माहेरच्यायनं पारशिवनीचं वावर दाबलं तिचं. हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली, वाचू बी नाही देलं."

"कसे लोक असतात!"

"असतेत बापा," वच्छलाबाई म्हणाल्या. "आज पाहा, कशी उतरवते त्यायची."

आत त्या मिनलच्या बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसल्या, तसे मधुकररावांचे वकील आनंदराव काळ्या कोटात धावत आले. "आजी, तिकडं नका बसू. इकडं या."

"मले इथूनच पोरगी दिसते."

मिनलने वळून पाहिलं. हसली नाही, पाया पडायलाही आली नाही. कामाच्या वक्ताले काहाले पाया पडते, वच्छलाबाईंनी स्वतःलाच सांगितलं.

मिनल इंग्रजीत बोलू लागली. वच्छलाबाईंचं शिक्षण सहीपुरतं. एक अक्षर कळत नव्हतं. पण आवाज कसा खणखणीत! आनंदराव दोनदा उठले, दोनदा खाली बसले.

"हाण!" त्या पुटपुटल्या.

इंग्रजीत मध्येच 'राखी' हा शब्द आला. मधुकररावांनी मान खाली घातली.

जजसाहेबांनी चष्मा काढला आणि मराठीत विचारलं, "प्रतिवादी क्रमांक एक हजर आहेत का?"

आनंदराव हातानेच 'गप बसा, गप बसा' अशी खूण करत होते.

वच्छलाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"हाव साहेब, मी हजर हाय. नात खरं बोलून राहिली. राखीच्या दिवशी माह्या लेकीची सही मीच घेतली, ह्या मधुकरसाठी."